हिरवे पाणी

पाणी हिरवे झाले की माणसे त्याला 'खराब' म्हणतात. मी छत्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे, तेव्हा निदान मी तरी हा शब्द इतक्या सहज वापरायला नको होता. पण गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता मढच्या बंगल्यामागे जाऊन दादाच्या पोहण्याच्या तलावात मी पहिल्यांदा डोकावलो, तेव्हा माझ्याही तोंडून तोच शब्द निघाला. पालकाची पातळ भाजी दोन दिवस तशीच राहावी आणि तिच्यावर साय धरावी, तसे ते पाणी दिसत होते. हातभर खालची पायरीसुद्धा दिसेना. एक बेडूक मात्र काठावर बसून, घर आपलेच असल्यासारखा माझ्याकडे पाहत होता.

"भाऊजी," वहिनी मागून म्हणाल्या, "हे होते तेव्हा असं कधी झालं नव्हतं हो."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. फाल्गुनात दादा गेला. त्यानंतर पंप कुणी सुरू केला नव्हता. ज्येष्ठात नेहमीच्या शिरस्त्याने तलावावर ताडपत्री बांधली गेली. ती गोकुळाष्टमीच्या वाऱ्यात फाटली, ऊन आत शिरले आणि पुढचे सगळे शेवाळाने केले. डासांच्या अळ्या तपासायला येणारे कर्मचारी येऊन बजावून गेले होते. पुतण्याने अमेरिकेतून फोनवर निकाल देऊन टाकला होता, "काका, तो पूल बुजवून टाका. वर छान हिरवळ करू." हिरव्यावर उपाय म्हणून पुन्हा हिरवेच! पण वहिनींनी मला बोलावले ते बुजवण्यासाठी नव्हे. "तुम्ही केमिस्ट्री शिकवलीत ना? एकदा बघा तरी. दिवाळीला मुलं येतील, तोवर झालं तर झालं. नाही तर मग तो म्हणतो तसं करू."

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाही तर पुढचे सगळे खोटे होईल. त्या बंगल्यात मी अकरा वर्षांत पाऊल टाकले नव्हते.

आमचे कोकणातले घर विकायचे ठरले तेव्हा आम्हा दोघां भावांत वाद झाला. घराचे मला फार नव्हते. छप्पर गळत होते, भिंती वाळवीने पोखरल्या होत्या. पण परसात जांभ्या दगडाने बांधलेली विहीर होती. त्या विहिरीत कमरेला सुका भोपळा बांधून दादाने मला पोहायला शिकवले होते. दादा म्हणाला, तिथे राहायला कुणी जाणार नाही, घर पडण्याआधी विकावे. त्याचे म्हणणे बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होते. घर विकले गेले. वर्षभराने दादाने मढला हा जुना बंगला घेतला. त्याच्यामागे निळ्या फरश्यांचा आयता तलाव होता. वास्तुशांतीच्या दिवशी चार लोकांदेखत मी म्हणालो, "विहीर विकून हौद घेतलास, दादा." वाक्य मला तेव्हा फार चांगले साधल्यासारखे वाटले. शिक्षकाला अशी वाक्ये साधण्याची खोड असते. दादा काही बोलला नाही. पुढची अकरा वर्षे लग्नकार्यांत आणि मयतांना आम्ही भेटत होतो, 'कसा आहेस' म्हणत होतो. भांडण कधी झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते.

तर असा मी, बोरिवलीहून मालाडला आणि मालाडहून बसने मार्व्याच्या रस्त्याने, आक्सा आणि एरंगळ मागे टाकीत, रोज मढला जाऊ लागलो. वाटेत एका बाजूला सिनेमाची आणि मालिकांची चित्रणे होणारे बंगले, दुसऱ्या बाजूला खाडी आणि कांदळवन, आणि शेवटी कोळीवाडा. त्या दिवसांत बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या उताण्या उभ्या राहत होत्या. बसमधून उतरले की आधी वास यायचा आणि मग गाव दिसायचे. त्यापलीकडे टोकावर पोर्तुगीजांचा जुना किल्ला, जो आता हवाई दलाच्या ताब्यात आहे. मुंबईत राहून मुंबईपासून इतके दूर जाता येते, हे मला साठी उलटल्यावर कळले.

पहिल्या दिवशी मी मोठ्या आत्मविश्वासाने एक किलो ब्लीचिंग पावडर आणली, बादलीत कालवली आणि भर दुपारी बारा वाजता तलावात ओतली. दुसऱ्या दिवशी पाणी तितकेच हिरवे होते. मी आणखी एक किलो टाकली. तिसऱ्या दिवशी ते किंचित फिके झाल्यासारखे वाटले, चौथ्या दिवशी पूर्ववत. बेडूक मात्र पहिल्याच दिवशी बदामाच्या झाडाखाली राहायला गेला होता. माझ्या रसायनशास्त्राचा तेवढाच एक परिणाम झाला.

बंगल्याची देखभाल करणारे गृहस्थ कोळीवाड्यातले आहेत. वीस वर्षे त्यांनी स्वतःची होडी चालवली. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि होडी मुलाकडे गेली. तरी सगळे त्यांना नाखवाच म्हणतात. ते माझा उद्योग तीन दिवस मुकाट्याने पाहत होते. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "नाखवा, हे काही खरं नाही. सगळं पाणी उपसून टाकू, घासू आणि टँकर मागवून पुन्हा भरू."

नाखवांनी मला हाताला धरून परसातल्या विहिरीपाशी नेले. "मास्तर, पाणी कुठं हाय बघा."

पाणी जमिनीपासून जेमतेम साडेतीन-चार फुटांवर होते. पावसाळा सरत आलेला, समुद्र हाकेच्या अंतरावर. जमीन पाण्याने फुगलेली होती.

"आणि तुमची टाकी किती खोल?"

"खोल बाजूला सहा फूट."

"मग ती रिकामी केली तर काय होईल?"

मी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिलो. आर्किमिडीजचा सिद्धांत मी किमान हजार मुलांना तरी शिकवला असेन. रिकामा तलाव म्हणजे भोवतालच्या भूजलात ठेवलेले पोकळ भांडे. खालचे पाणी त्याला वर उचलू पाहणार. तो सबंध उचलला गेला नाही तरी त्याचा तळ तडकणार. नाखवा हसून म्हणाले, "होडी होईल, मास्तर. पण वल्हवायला यायची नाय."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, शाकारतात. बुडाला शेवाळ आणि शिंपल्या धरलेल्या असतात. त्या खरवडायच्या, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पुन्हा पाण्यात. "दर साली?" मी विचारले. "दर साली. पाण्यात हाय म्हणजे धरणारच. ते संपवायचं नसतं, मास्तर. आपण थांबायचं नसतं." आणि ते जरा घुटमळून म्हणाले, "मोठे साहेब रोज वहीत लिवायचे. वही पंपाच्या खोलीत हाय."

दादा वही लिहितो हे मला माहीत नव्हते. पंपाच्या खोलीत, वाळूच्या गाळणीमागच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या पाच जाड वह्या होत्या. दादा आयुष्यभर हिशेबनीस होता; अक्षर तसेच, उभे आणि सुटे. प्रत्येक ओळीत तारीख, सामू, क्लोरीन, पंप किती तास चालला, आणि शेवटी दोन-तीन शब्दांचा शेरा. 'पाने काढली.' 'गाळणी उलटी धुतली.' 'चित्रीकरणवाले आले, साबण सांडला.' 'नातू पोहला.' 'ऊन कडक, क्लोरीन टिकत नाही.' कुठे 'ताप, पण पाने काढली.' अकरा वर्षे. ज्याला मी चार लोकांत हौद म्हणालो होतो, त्याला त्याने एका दिवसाचाही खाडा न करता सांभाळले होते.

चौथ्या वहीत, पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, चार-पाच ओळी तांबड्या शाईत होत्या. त्यांतली शेवटची अशी होती: 'क्लोरीन पुरेसे दिसते, तरी पाणी हिरवट. का? बाळला विचारणे.'

बाळ म्हणजे मी. घरात त्या नावाने हाक मारणारा तो शेवटचाच माणूस उरला होता.

त्याने विचारले नाही. पुढच्या महिन्यात पाऊस लागला, ऊन गेले, ताडपत्री चढली आणि हिरवा रंग आपोआप ओसरला असावा. वहीत पुन्हा पाने काढल्याच्या नोंदी सुरू होतात. फोन उचलला असता तर उत्तर द्यायला मला दहा मिनिटे लागली नसती. पण आमच्यात अशी दहा मिनिटे राहिली नव्हती.

मी त्या खोलीत बादली पालथी घालून बसलो आणि विद्यार्थ्याला बसवावे तसे स्वतःला प्रश्नासमोर बसवले. क्लोरीन पुरेसे दिसते, तरी पाणी हिरवट. का?

फळीवर क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्यांचे डबे होते. ते पाहताच अर्धे उत्तर मिळाले. उघड्या तलावातले क्लोरीन उन्हात काही तासांत विरून जाते. म्हणून या गोळ्यांमध्ये क्लोरीन सायन्युरिक आम्लाशी जोडलेले असते. हे आम्ल क्लोरीनला धरून ठेवते, उन्हापासून जपते. थोडे असेल तोवर ते फार उपयोगी. पण क्लोरीन खर्च होते आणि हे आम्ल मागे राहते. पाण्याची वाफ होते, तेव्हाही ते मागेच राहते, मिठागरात मीठ राहावे तसे. आपण पुन्हा गोळी टाकतो, ते आणखी वाढते. पावसाचे पाणी तलावात पडून ओसंडून वाहिले असते तर ते दर वर्षी पातळ झाले असते. पण माझा व्यवस्थित भाऊ दर वर्षी ताडपत्री बांधत होता! मग एक दिवस असा येतो की, परीक्षानळीत थेंब टाकले तर क्लोरीनचा रंग येतो, पण ते सारे त्या आम्लाने असे जखडलेले असते की शेवाळापर्यंत पोहोचतच नाही. क्लोरीन असते, पण बांधलेले असते.

आणि मी? मोजल्याशिवाय काही करू नका, असे फळ्यावर लिहून ज्याने नोकरी केली, त्याने तीन दिवस काहीही न मोजता भर उन्हात पावडर ओतली होती. त्याच संध्याकाळी मी मालाडहून तपासणीची पेटी आणली. सायन्युरिक आम्ल मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. नमुन्यात औषध घातले की पाणी दुधाळ होते. ते एका नळीत हळूहळू ओतायचे आणि वरून तळाचा काळा ठिपका पाहत राहायचे. ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. पाणी निम्मे पातळ करून पाहिले, आकडा दुप्पट केला. लिटरला ११० मिलिग्रॅम आले. हवे तीस ते पन्नास. सामू ८.२ होता, साध्या पाण्यातसुद्धा इतक्या सामूला क्लोरीनचा पाचवा हिस्साही जंतू मारण्याच्या रूपात नसतो, तोच ७.२ ला दोन-तृतीयांश असतो. शेवाळाचे चांगलेच फावले होते.

या आम्लाला मारणारे सोयीस्कर औषध नाही. थोडे पाणी काढायचे आणि थोडे नवे घालायचे, एवढाच मार्ग. तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी. सगळे काढणे धोक्याचे. मग तिसरा हिस्सा काढू, असे ठरवले. तळाशी तीन फूट पाणी राहिले की भूजलाची भीती नाही. क्लोरीन शून्यावर आल्याची खात्री करून घेतली आणि ते हिरवे पाणी नाखवांनी पन्हळी काढून माडांना दिले. त्या पंधरवड्यात माडांची चंगळ झाली. जागा भरायला परसातली विहीर होतीच. पहिल्या खेपेला ११० चे ७३ झाले, दुसऱ्या खेपेला ४९. टँकर लागला नाही. गावात टँकरची वाट पाहत हंडे मांडून ठेवलेल्या बायका मी रोज बसमधून पाहत होतो. तेव्हा हे झाले त्याचे मला फार बरे वाटले.

विहिरीचे पाणी तलावात पडताना मी काठावर बसून होतो. 'विहीर विकून हौद घेतलास' हे वाक्य त्या धारेच्या आवाजात मला दोन दिवस ऐकू येत होते.

त्यानंतरचे काम साधे होते. साधे म्हणजे सोपे नव्हे. आम्ल घालून सामू ७.२ वर आणला. आम्ल आणि ब्लीचिंगचे पदार्थ एकमेकांजवळ येऊ द्यायचे नसतात; दोन्ही मिसळली तर जो वायू सुटतो तोच १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी सोडला होता. म्हणून आम्ल सकाळी आणि क्लोरीन संध्याकाळी, मध्ये पंप सुरू. मग हिशेब: ४५,००० लिटरला एक मिलिग्रॅमसाठी ४५ ग्रॅम, वीस मिलिग्रॅमसाठी ९०० ग्रॅम, म्हणजे दहा टक्क्यांचे द्रव क्लोरीन नऊ लिटर. सूर्य किल्ल्यामागे गेला की ओतायचे. रात्रभर पंप. आणि दिवसा घासायचे. कारण शेवाळ नुसते पाण्यात नसते. फरश्यांच्या सांध्यांत ते बुळबुळीत थराखाली दडून असते, आणि तो थर मोडल्याखेरीज औषध आत जात नाही. नाखवा एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, लांब दांड्याचे ब्रश घेऊन आम्ही रोज तासभर भिंती घासत होतो. गाळणीवरचा दाब वाढला की गाळणी उलटी धुवायची. दिवसातून तीनदा ती वेळ येई.

क्लोरीन आणि शेवाळ यांचे हे वैर पाहताना मला एक जुनी गंमत आठवली. १७७४ साली शेलेने जो वायू तयार केला त्याला १८१० मध्ये डेव्हीने नाव दिले 'क्लोरीन'. ग्रीक भाषेत 'क्लोरॉस' म्हणजे पोपटी, हिरवट पिवळा. पुढे सात-आठ वर्षांत पेलत्ये आणि काव्हेंतू या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी पानातला हिरवा रंग वेगळा केला आणि त्याला नाव दिले 'क्लोरोफिल', तेच 'क्लोरॉस', पुढे 'पान' लावून. मारणारा आणि मरणारा दोघेही एकाच शब्दाच्या पोटचे! वर्गात हे सांगितले की मुले हसायची. त्या दिवशी हे ऐकायला नाखवा होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "एका घरचेच म्हणा की." आणि पुन्हा घासू लागले.

आणि खरे सांगायचे तर शेवाळाचा मला राग येईना. ते काही घाण नव्हे. ते ऊन घेते, पाणी घेते, सडलेल्या पानांतले फॉस्फेट घेते आणि वाढते. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा समुद्रातल्या अशाच डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या जिवांचा असतो. त्याची वाढ मात्र फसवी. एकाचे दोन, दोनाचे चार. रोज दुप्पट धरली तर दहा दिवसांत एकाचे हजार. ज्या दिवशी पाणी हिरवेगार दिसते त्याच्या आदल्या दिवशी शेवाळ निम्मेच असते, आणि आठवडाभर आधी तर पाहणाऱ्याला पाणी स्वच्छच वाटते. म्हणजे सारे बिघडते ते आपल्याला सारे ठीक दिसत असते तेव्हा. माझ्या आणि दादाच्या अकरा वर्षांतला पहिला आठवडा मला आठवतो. मनात आले होते, उद्या फोन करू.

पाचव्या दिवशी पाण्याचा हिरवा रंग गेला आणि ते राखाडी झाले. वहिनी घाबरल्या. "हे आणखी बिघडलं का हो?" मी म्हटले, "नाही वहिनी, हे मेलेलं शेवाळ. आता बसायला वेळ लागेल." संध्याकाळी मोजलेले क्लोरीन आणि पहाटे, ऊन पडण्यापूर्वी, मोजलेले क्लोरीन यांत एका मिलिग्रॅमपेक्षा कमी फरक पडू लागला, की समजावे, रात्री अंधारात त्याला खाणारे कुणी उरले नाही. त्यासाठी तीन रात्री मी मढलाच राहिलो. दादाच्या खोलीत झोपलो. पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन, नळी हातात धरून मी काठावर उभा असताना समोरून होड्यांच्या यंत्रांचा आवाज येई. तिसऱ्या पहाटे फरक अर्ध्या मिलिग्रॅमचा निघाला. सांगायला जवळ कुणी नव्हते. मी वही उघडली आणि दादाच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून तारीख लिहिली, आकडा लिहिला. माझे अक्षर त्याच्या अक्षराखाली फार वाकडे दिसत होते.

उरलेला गढूळपणा बसवायला तुरटी वापरली. कोकणात पावसाळ्यात आई हंड्यात तुरटी फिरवी. आजी तिच्याही आधीच्या काळातली, ती मातीच्या घड्याच्या आतल्या अंगाला निवळीची बी उगाळी. निवळीवरून संस्कृतात एक जुना दाखला आहे: निवळीचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, ती उगाळावी लागते. तुरटी टाकून पंप बंद केला आणि पाणी एक रात्र अगदी न ढवळता ठेवले. सकाळी तळावर करड्या धुळीचा मऊ थर होता. वर हात न हलवता, श्वास धरून करावे तसे, आम्ही तो नळीने ओढून बाहेर काढला. घाई केली असती तर सगळे पुन्हा वर आले असते.

बाराव्या दिवशी दुपारी मी सवयीने पायरीवर बसलो आणि सहज खाली पाहिले, तो खोल बाजूचा तळ दिसत होता. तळाच्या जाळीवरचे भोकन् भोक मोजता येत होते. विहिरीचे पाणी वैशाखात असेच असे. उपसा झाला, पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडून झाले, लाल औषध पडून त्याचा गुलाबी रंग विरून गेला, की दादा विहिरीत ताटली टाकी आणि मला बुडी मारून काढायला लावी. एका वर्षी खरवडायच्या आधीच मी उतरलो होतो. पायरीवरून पाय निसटला तेव्हा त्याने दंडाला धरून मला वर खेचले. दंडावर त्याच्या बोटांचे वळ चार दिवस होते. त्याबद्दल तो मला कधी काही बोलला नाही. आईलाही त्याने सांगितले नाही. न बोलण्याची सवय त्याची जुनीच होती. ती चांगल्या कामातही होती हे मी विसरलो होतो.

वहिनी संध्याकाळी आल्या. काही न बोलता त्यांनी चपला काढल्या, साडी घोट्यावर धरून दोन पायऱ्या उतरल्या आणि पाण्यात पाय सोडून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते तुम्हाला फोन करायचं म्हणत होते, एकदा. पाण्याचं काहीतरी विचारायचं होतं."

"हो, वहीत आहे," मी म्हणालो. "मग?"

"मग म्हणाले, राहू दे. मास्तर म्हणेल, हौद आहे, हौदासारखा वापर." त्या हसल्या. मीही हसलो. दादा तसे म्हणाला असेल. आणि त्या दिवसांत मीही बहुधा तसेच म्हटले असते.

त्या रात्री मी चौथी वही काढली आणि तांबड्या ओळीखाली, जेवढी जागा होती तेवढ्यात, उत्तर लिहिले. सायन्युरिक आम्ल, ताडपत्री, ११० चे ४९, सगळे. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला.

दिवाळीला मुले आली. नरकचतुर्दशीला तेल-उटणे लावून, अंघोळ करून जी पाण्यात उतरली ती दुपारच्या जेवणाला हाका मारमारून वर काढावी लागली. पुतण्या काठावर खुर्ची टाकून बसला होता. हिरवळीचे नाव त्याने काढले नाही. "काका, आता पुन्हा होणार नाही ना?" एवढे त्याने विचारले. मी नाखवांकडे पाहिले. ते चकल्या खात होते.

"होणार," मी म्हणालो. "पाणी आहे म्हणजे होणारच."

त्याला वर्ष झाले. गोळ्या मी बंद केल्या. आता द्रव क्लोरीन, तेही सूर्य मावळल्यावर. ताडपत्री या वर्षी बांधली नाही, पाऊस आत पडू दिला. आठवड्यातून दोनदा मी जातो, बाकीचे दिवस नाखवा पाहतात आणि वहीत लिहायला मला आकडे फोनवर सांगतात. फोन झाला की मी उगीच दोन मिनिटे जास्त बोलतो. गुडघे कसे आहेत, मुलाला काय मिळाले, बोंबील आले का. सहावी वही सुरू झाली आहे. तिच्यातली परवाची नोंद अशी: सामू ७.४, क्लोरीन ५, पंप आठ तास. बदामाची पाने पुष्कळ. काढली.